मुक्कामाचं कारण

दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरून समुद्र तर त्याहूनही साजरा दिसतो. मेट्रनला हे कळलं ते साठीला टेकल्यावर, आणि तेही राहतं घर विकून, भांडीकुंडी वाटून, शेजारपाजारच्यांना "या हं आमच्याकडे समुद्रावर" असं तोंडभरून आमंत्रण देऊन झाल्यावर.

चौतीस वर्षं तिनं एकाच इस्पितळात काढली होती. त्यातली शेवटची अकरा ती तिथली मेट्रन होती, आणि हुद्दा तिला असा काही चिकटला की घरी नवराही तिला मेट्रनच म्हणायचा. ती वॉर्डात शिरली की शिकाऊ मुली मोबाइल खिशात सारायच्या आणि पेशंटसुद्धा उगाचच सरळ झोपायचे. नवरा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. माणूस दिसायला मवाळ. पण गरीब गाय पोटात पाय म्हणतात, त्यातला.

या हेडक्लार्कची थोरली बहीण, म्हणजे मेट्रनची नणंद, पंचवीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर एका परक्या देशात, समुद्राकाठी जाऊन राहिली होती. नवरा मालवाहू बोटीवर इंजिनियर. सगळे त्याला चीफ म्हणत. दर रविवारी नणंदेचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन ती स्वतःच्या तोंडासमोर कमी आणि खिडकीसमोर जास्त धरायची.

"बघ गं, बघ! ऐन थंडीत मी बिनबाह्यांचा गाऊन घालून बसलेय. ऊन बघ किती! भाजी स्वस्त, औषधं स्वस्त. वरचा मजला तुमच्यासाठी ठेवलाय, समोर सगळा समुद्र. तिकडे तुमच्या पेन्शनीत जेमतेम भागतं, इथं राजासारखे राहाल."

"आणि भावोजी कसे आहेत, वन्सं?"

"त्यांचं काय, अंग जरा जड झालंय. वय झालं ना."

अंग जरा जड झालंय! मेट्रननं आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांच्या थापा एका कानानं ओळखल्या, पण घरच्या माणसाची थाप तिला ओळखता आली नाही. घरच्यांपुढे भल्याभल्यांचे कान बंद होतात.

तिथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज हेडक्लार्कनं भरला. चौदा पानी होता. आयुष्यभर त्यानं लोकांचे अर्ज तपासले होते आणि त्याचा एकच मंत्र होता : रिकामा रकाना म्हणजे परत आलेला अर्ज. तेराव्या पानावर रकाना होता, 'मुक्कामाचं कारण'. निवृत्त म्हणून जावं तर पेन्शनीचा आकडा अपुरा पडत होता. त्यानं बहिणीला विचारलं. बहीण जणू वाटच बघत होती. "बायकोच्या नावापुढे लिही, आजारी नातेवाइकाची शुश्रूषा. आणि तू तिच्याबरोबरचा नवरा. झटकन मिळतो परवाना." हेडक्लार्कला झटकन हा शब्द फार आवडायचा. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारून अर्ज बायकोसमोर ठेवला.

मेट्रनचा तो नोकरीतला शेवटचा आठवडा होता. इस्पितळात ती न वाचता शिंकतसुद्धा नसे. एका गोळीच्या नोंदीसाठी तिनं डॉक्टरांना जिना चढून परत यायला लावलं होतं. पण घरचे कागद नवऱ्याचे, हा त्यांच्या संसाराचा नियम. फुल्या दिसल्या तिथे तिनं सह्या केल्या.

*

पोचल्या दिवशी ऊन होतं, हे कबूल केलं पाहिजे. पांढरी घरं, उताराच्या गल्ल्या, खाली निळं पाणी. नणंदेनं दारातच भावाच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि मग दोघांना मागच्या खोलीत नेलं. वॉशिंग मशीनच्या पलीकडची खोली. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर भिंत, आणि भिंतीवर शेजाऱ्याच्या एसीचं गरम हवा फेकणारं खोकं.

"वरचा मजला?" मेट्रननं विचारलं.

"तो आठवड्यानं पाहुण्यांना देते मी. सीझन आहे ना. थोडे दिवस इथं काढा, मग बघू."

ते थोडे दिवस म्हणजे पुढचे सगळे. समुद्र बघायचा तर फळीवरचा डबा काढावा तसं स्टुलावर चढून न्हाणीघराच्या झरोक्यातून बघावा लागे. पण खरा धक्का पुढच्या खोलीत होता. तिथे पलंगावर चीफ पडला होता. डावी बाजू पूर्ण गेलेली, आठ महिने तसाच उताणा, दाढी वाढलेली, आणि कमरेखाली तळहाताएवढी जखम. मेट्रननं चादर उचलली, वास घेतला आणि मागे वळून बघितलं. नणंद दारात साडीचा पदर... छे, साडी कसली, ओढणी नाकाला लावून उभी होती.

"तू आलीस, आता मला घोर नाही," ती म्हणाली.

मेट्रनला त्या क्षणी सगळं समजलं. राजासारखं राहायला नवऱ्याला बोलावलं होतं. तिला कामाला बोलावलं होतं. तिचं डोकं तापलं. तिनं बाह्या वर केल्या आणि गरम पाणी मागितलं. रागावर दुसरं औषध तिला ठाऊक नव्हतं.

तीन महिन्यांनी परवान्याचं कार्ड आलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं : 'शुश्रूषेसाठी. रुग्णाची गरज असेपर्यंत.' परवान्यासाठी सक्तीच्या भाषावर्गाला ती रोज दुपारी जात होती, त्यामुळे तेवढं तिला वाचता आलं. हेडक्लार्क तेव्हा नुकताच समुद्रावरून आला होता. इथे आल्यापासून त्याचे गुडघे दुखायचे थांबले होते, तो अर्ध्या चड्डीत फिरायचा, आणि देशोदेशींच्या पेन्शनर म्हाताऱ्यांबरोबर पत्ते कुटायचा. उन्हानं त्याचं टक्कल तांब्यासारखं चकाकत होतं.

"हे काय आहे?"

"अगं, कागदावरचं कागदावर असतं. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"तुमचं कागदावर आहे हो. माझं पलंगाशी आहे."

"सख्खी बहीण आहे माझी. अडीअडचणीला..."

"मग तुम्ही धुवा मेव्हण्याला."

त्यावर हेडक्लार्कनं जे केलं ते तो नोकरीतही करायचा. चष्मा काढला, पुसला आणि उठून गेला. मेट्रन त्याच्याशी अकरा दिवस बोलली नाही. त्याच्या ते पाचव्या दिवशी लक्षात आलं.

*

चीफ काही गरीब बिचारा पेशंट नव्हता. जीभ शाबूत होती आणि बोटीवर तीस वर्षं खलाशांना शिव्या देऊन ती तासली गेली होती. कार्ड आलं त्याच आठवड्यात त्यानं सूपचा वाडगा भिंतीवर फेकला.

"फुकट खायला आलात दोघं," तो म्हणाला. "कार्डावर काय लिहिलंय ते बायको सांगत होती मला. मी मेलो की तुमची वरात परत. म्हणून जगवतेस मला, कळतं बरं!"

"भावोजी, मरायचं तर खुशाल मरा," मेट्रन म्हणाली. "पण माझ्या हाताखाली कुणी जखमेनं मेलेलं नाही. जखम भरली की मग काय ते ठरवा. आता कुशीवर व्हा."

"नाही होत."

"विचारलं नाही मी. सांगितलंय."

तो कुशीवर झाला. त्या घरात प्रेमानं काही झालं असेल तर ते भिंतीला माहीत. मेट्रन त्याला उठवायची ती रागानं, आणि तो उठायचा तोही रागानं. दर दोन तासांनी कूस बदल. जखम भरली. मग उशांना टेकवून बसवणं, मग पाय खाली सोडून बसवणं, मग उभं करणं. तिच्या डोक्यात सरळ हिशेब होता : हा उठला की मी सुटले. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. उठू शकणारा माणूस झोपून आहे हे तिला सहनच व्हायचं नाही. पसरलेलं अंथरूण बघून दुसऱ्या बायांचे हात शिवशिवतात, तसे तिचे पसरलेला पेशंट बघून शिवशिवायचे.

"काठी, डावा, उजवा," ती म्हणायची. "आधी काठी. मग आजारी पाय. मग धड पाय. आणि खाली बघू नका, खाली तुमचं काही सांडलेलं नाही."

"हिटलर आहेस तू!"

"काठी, डावा, उजवा."

वर्ष भरत आलं तेव्हा चीफ काठीनं पलंगापासून दारापर्यंत जाऊन परत येत होता. रोज चार वेळा. शेवटच्या फेरीला तो तिला एवढ्या शिव्या द्यायचा की वरच्या मजल्यावरचे पाहुणे खिडक्या लावून घ्यायचे. मेट्रन एका वहीत पावलं लिहायची. पहिल्या पानावर दोन होती. शेवटच्या पानावर चव्वेचाळीस.

तेव्हा परवान्याच्या नूतनीकरणाचं पत्र आलं, आणि हेडक्लार्कनं या खेपेला ते नीट वाचलं. सरकारी डॉक्टर घरी येऊन रुग्णाला तपासणार. रुग्णाला पूर्णवेळ शुश्रूषेची गरज नसेल, तर परवाना संपला. साठ दिवसांत देश सोडायचा.

*

त्या संध्याकाळी चौघांची बैठक पलंगाभोवतीच भरली. नणंदेनं पत्र दोनदा वाचलं, मग चष्म्यावरून भावजयीकडे बघितलं.

"कुणी सांगितलं होतं तुला यांना चालवायला?"

मेट्रनला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालात?"

"झोपून होते तर काय वाईट होतं? वेळेवर खात होते, वेळेवर पुसून घेत होते. तुला कुणी नसते उद्योग सांगितले? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं झालं हे."

चीफ पलंगावरून हे ऐकत होता. त्यानं बायकोला जी शिवी दिली ती लिहिण्यासारखी नाही.

"ताई म्हणते त्यात तथ्य आहे," हेडक्लार्क म्हणाला. आवाज त्याचा मऊ, कागदाच्या घडीसारखा. "एक दिवसाचा प्रश्न आहे. डॉक्टर येईल, भावोजी झोपून राहतील. काठी कपाटावर ठेवू. दाढी चार दिवस करायची नाही. डॉक्टरनं विचारलं की तू सांगायचंस, वर्षभरात सुधारणा नाही."

"मी सांगायचं?"

"तुझंच ऐकतील ना. तू नर्स."

"मला जमणार नाही."

"मग जायचं कुठं आपण?" आता त्याचा मऊपणा गेला. "घरात आपल्या दुसरे लोक राहतायत. त्यांनी भिंती पाडून नवं स्वयंपाकघरसुद्धा केलंय, फोटो पाठवले. मुलाकडे? दोन खोल्यांत ती चौघं आहेत. तिकडे भाड्यानं घर घ्यायचं तर घर विकून उरलेले पैसे दोन वर्षं पुरतील. पुढे काय? माझे गुडघे? सांग ना!"

मेट्रनला सगळ्यात जळजळीत लागलं ते हे : माणूस खोटारडा होता पण त्याचा हिशेब खरा होता. तिच्या मागे घर नव्हतं; पुढे वॉशिंग मशीनपलीकडची खोली होती आणि ती गेली तर काहीच नव्हतं.

"मी झोपून राहीन," चीफ अचानक म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "तुमच्यासाठी नाही, भ्रमात राहू नका. ही बया गेली तर माझी बायको मला महिन्याभरात पुन्हा गादीला चिकटवेल." मग मेट्रनकडे बघून म्हणाला, "तू मला आवडत नाहीस."

"मला कुठं तुम्ही आवडता?" मेट्रन म्हणाली. आणि मग, सगळे वाट बघतायत हे बघून, "बरं. सांगेन मी."

*

डॉक्टरीण आली ती सकाळी अकराला. तिशीची असेल, उन्हानं नाक सोललेलं, हातात फाइल. खोलीत पडदे ओढून अंधार केलेला. चीफ चार दिवसांच्या दाढीत, तोंड किंचित उघडं ठेवून पडला होता, आणि खरं सांगायचं तर नाटक झकास वठलं होतं. हेडक्लार्क पायथ्याशी उभा. नणंद उशाशी, डोळ्यांना रुमाल.

डॉक्टरिणीनं हात उचलून बघितला. चीफनं तो ओल्या फडक्यासारखा सोडून दिला. तिनं फाइल उघडली.

"उठून बसतात?"

"नाही," मेट्रन म्हणाली.

"आधारानं?"

"नाही."

एकेक 'नाही' ती निभावून नेत होती. अजून दोन-चार प्रश्न, एक सही, की वर्षभराची ददात मिटली असती. डॉक्टरिणीनं लिहिता लिहिता मान वर केली.

"तुम्ही प्रशिक्षित नर्स आहात ना? किती वर्षं काम केलंय?"

"चौतीस."

"चौतीस वर्षांचा अनुभव, चोवीस तास घरात, एकच पेशंट. आणि वर्षभरात माणूस बसतासुद्धा झाला नाही?" तिचा सूर रागाचाही नव्हता. नुसता थकलेला, शिकाऊ मुलीला समजवावं तसा. "आमच्याकडची पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा एवढं करते हो. नुसतं खाऊ घालणं आणि पुसणं म्हणजे नर्सिंग नव्हे."

तरी मेट्रन गप्प राहिली. याचं श्रेय तिला दिलं पाहिजे.

गप्प राहिली नाही ती नणंद. नको तिथे जीभ चालवणं ही तिची जुनी खोड, आणि त्यात आता संधी आयती चालून आलेली. "काय करणार डॉक्टर," ती रुमालातून म्हणाली. "आम्हीही मोठ्या आशेनं बोलावलं. मोठ्या इस्पितळात मेट्रन होती म्हणे. पण तिकडची इस्पितळं तुम्हाला काय सांगायची! आपल्या परीनं करते बिचारी. कुवत असते एकेकाची."

मेट्रननं नवऱ्याकडे बघितलं. चौतीस वर्षं या माणसानं तिचे डबे भरलेले नव्हते, पण तिच्या पगारावर गृहकर्ज फेडलं होतं. तिच्या रात्रपाळ्या त्याला पाठ होत्या. तो आता काय म्हणतो एवढंच तिला बघायचं होतं. काही म्हणाला नसता तरी चाललं असतं.

हेडक्लार्कनं डॉक्टरिणीकडे बघून हळूच मान हलवली. हो ना, कुवत एवढीच.

मेट्रन पलंगाला वळसा घालून गेली आणि तिनं दोन्ही पडदे खाडकन बाजूला केले. ऊन आत आलं. मग स्टूल ओढून ती कपाटापाशी चढली आणि वरून काठी काढली. धूळ झटकली.

"अगं, काय करतेस?" हेडक्लार्क म्हणाला.

"भावोजी," ती म्हणाली, "उठा."

चीफनं एक डोळा उघडला. मग दुसरा. त्यानं बायकोकडे बघितलं, ती मानेनं नको नको म्हणत होती. मेव्हण्याकडे बघितलं. त्याला झोपून राहायचं होतं, त्याच्या भल्याचं तेच होतं, आणि हे तिघांना आणि त्यालाही पक्कं माहीत होतं.

"विचारलं नाही मी," मेट्रन म्हणाली.

तीनशे दिवस त्या आवाजानं त्याला उठवलं होतं. चीफचा उजवा हात आपसूक डाव्या मनगटाकडे गेला. त्यानं ते पोटावर घेतलं, कुशीवर झाला, पाय खाली सोडले आणि बसला. डॉक्टरिणीचं पेन थांबलं. चीफनं काठी हिसकावून घेतली.

"मूर्ख बाई," तो मेट्रनला म्हणाला. "माझंही वाटोळं केलंस आणि स्वतःचंही." आणि उभा राहिला.

"काठी," मेट्रन म्हणाली. "डावा. उजवा."

तो निघाला. नणंद किंचाळली, "पडतील ते! डॉक्टर, ही मारेल त्यांना!" कुणी तिच्याकडे बघितलं नाही. मेट्रन त्याच्या डाव्या अंगाला, अर्धा हात मागे, दोन्ही तळवे उघडे ठेवून चालत होती, त्याला न धरता. डॉक्टरीण पावलं मोजत होती हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. बावीस. दार आलं.

"हे तुम्ही केलंत?" डॉक्टरिणीनं विचारलं.

"हो. मी."

"मग मला हेच लिहावं लागेल. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे. चव्वेचाळीस लिहा. परतीची धरून."

डॉक्टरिणीनं लिहिलं. हेडक्लार्क पलंगाच्या कडेवर मटकन बसला. नणंदेनं त्याच्या नावानं आणि त्याच्या बायकोच्या नावानं जे काही सुरू केलं होतं, ते आता भावाच्या सात पिढ्यांपर्यंत पोचलं होतं, म्हणजे पर्यायानं तिच्या स्वतःच्याच. हेडक्लार्कच्या टकलावर घाम आला होता.

"साठ दिवस," तो म्हणाला. "मेट्रन, अगं, साठ दिवसांनी आपण जायचं कुठं?"

तिलाही भीती वाटत होती. चांगलीच वाटत होती. पण चीफ दाराशी पोचून थांबला होता, काठी डगमगत होती, आणि तिनं त्याच्या पावलांवरची नजर काढली नाही.

"आत्ता गप्प बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांना वळू द्या. माणूस पडतो तो वळताना."